पियानोत कादंबरी, पेटीत नाटक

रॉबर्ट शूमान हा जर्मन संगीतकार पुस्तकांच्या घरातच जन्मला. वडील पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक, त्यामुळे वाचनाचं वेड त्याला लहानपणीच लागलं. ज्याँ पॉल या लेखकाच्या एका कादंबरीच्या अखेरीस मुखवटे घालून नाचायचा प्रसंग आहे. तो शूमानच्या मनात असा घर करून बसला की १८३१ साली त्यातून पियानोवर वाजवायच्या छोट्या छोट्या रचनांची एक माळच बाहेर पडली. आपल्या प्रतीत त्याने खुणाही करून ठेवल्या : हा उतारा म्हणजे अमुक रचना, तो उतारा म्हणजे तमुक. कादंबरी वाचायची आणि बोटांनी सांगायची!

त्या काळात युरोपातला पियानो असा साहित्याने झपाटला होता. आपल्याकडे पियानो घरोघरी आला नाही. पण काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं दुसरं एक वाद्य आलं आणि साहित्याचं बोट धरूनच मोठं झालं. ती आपली पेटी. तिच्या या गोष्टीत कोल्हापूरचं नाव फार वर आहे. तेव्हा चला, कोल्हापूरच्या पेटीवरून युरोपच्या पियानोपर्यंत एक फेरफटका मारू.

जन्म पॅरिसचा, भाता कोलकात्याचा

हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ याने १८४२ साली घेतलं. ते वाद्य पायाने हवा भरायचं, म्हणजे खुर्चीवर बसून वाजवायचं. हाताने भाता मारायच्या, जमिनीवर मांडी घालून वाजवता येईल अशा पेटीचं श्रेय कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांना दिलं जातं. पुढे मराठी नाटक कंपन्यांनी दोन्ही आपलीशी केली : रंगमंचासमोर ऑर्गन आणि पायपेटी, बैठकीत हातपेटी.

पियानो आणि पेटी दिसायला बहिणी, स्वभावाने मात्र वेगळ्या. पियानोची पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर पडते आणि सूर उमटल्या क्षणापासून विरू लागतो. पेटीत हवा भरलेली असेपर्यंत सूर टिकतो. पियानोवर एक बोट जोरात आणि दुसरं हलकं टाकता येतं. पेटीवर लहान-मोठेपणा सगळा भात्याच्या हातात. पियानोला दोन्ही हात वाजवायला मिळतात, पेटीला एकच. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, दोघींनाही जमत नाही. पण सूर लांबवता येत असल्यामुळे पेटी गळ्याच्या जास्त जवळ जाते, आणि गळा म्हटलं की शब्द आलेच.

काळी तीनपासून सुरू करा

आपले गायक अजूनही 'माझी काळी चार', 'तिची पांढरी पाच' असंच सांगतात. आवाजाची पट्टी पेटीच्या पट्टीवरून ओळखायची ही सवय इतकी मुरली आहे की पेटी नसलेल्या मैफलीतही हीच भाषा चालते.

आता एक गंमत करून बघा. काळी तीन हा सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवत वर जा. सा, रे, ग, प, ध. भूप! शोपाँने पियानोसाठी लिहिलेला एक प्रसिद्ध अभ्यासपाठ असाच आहे, त्यात उजवा हात जवळजवळ सगळा वेळ काळ्या पट्ट्यांवरच धावतो. शोपाँला भूप ठाऊक असायचं कारण नाही, पण कोल्हापुरातल्या पेटीच्या वर्गातल्या पोराला तो पाठ ऐकवला तर ते दचकून वर बघेल हे नक्की.

सांगवड्याचे गोविंदराव

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म १८८१चा, बालपण कोल्हापूरजवळच्या सांगवड्यातलं. पेटी त्यांनी बरीचशी आपल्या आपण शिकून घेतली. कोल्हापुरात देवल क्लब होता. १८८३ पासून चाललेली ही संस्था म्हणजे गावाचं गाण्याचं घरच. गोविंदरावांना गाण्याची खरी दृष्टी भास्करबुवा बखले यांनी दिली. आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांची गायकी गोविंदरावांनी कानात साठवून घेतली. खाँसाहेबांच्या जयपूर घराण्याच्या गायकीतले ते वळणावळणाचे पेच पेटीवर उतरवायचे, म्हणजे पट्ट्यांच्या वाद्याकडून त्याच्या स्वभावाबाहेरचं काम करून घ्यायचं. साथीला बसणाऱ्या पेटीला स्वतंत्र मैफलीचा मान मिळवून देणाऱ्यांत गोविंदराव अग्रभागी होते.

पण मला ते शूमानचे सख्खे वाटतात ते वेगळ्या कारणाने. शूमान नुसता संगीतकार नव्हता, १८३४ साली त्याने संगीताचं नियतकालिक सुरू केलं आणि वर्षानुवर्षं त्यात लिहिलं. गोविंदरावही तसेच. 'माझा संगीत व्यासंग' आणि 'माझा जीवनविहार' ही त्यांची पुस्तकं आजही हाताशी ठेवावीत अशी आहेत. एका हाताने भाता आणि दुसऱ्याने लेखणी चालवणारा असा माणूस कुठल्याही भाषेत क्वचितच होतो.

संपादकाचं नाटक, पेटीवाल्याच्या चाली

१२ मार्च १९११. मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने 'संगीत मानापमान' रंगमंचावर आणलं. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. मूळचे सांगलीचे, 'केसरी'तले नाणावलेले पत्रकार. त्यांचं 'कीचकवध' सरकारने आदल्याच वर्षी बंद पाडलं होतं. तोवर त्यांची नाटकं गद्य होती. पहिल्यांदा संगीत नाटक लिहिलं, तेव्हा चाली द्यायला बसले तिशीही न गाठलेले गोविंदराव.

त्या आधी बहुतेक नाटककार आपल्या पदांच्या चाली आपणच ठरवत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी तेच केलं. चालींसाठी स्वतंत्र संगीतकार ही गोष्ट 'मानापमान'पासून रुळली असं मानलं जातं. गोविंदरावांनी ठुमरी, दादरा, कजरी अशा उत्तरेकडच्या चीजा मराठी रंगभूमीवर आणल्या आणि प्रेक्षक चक्रावून गेले. नायिका भामिनी झाले होते बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली होती. तरी पहिला प्रयोग ठरल्या वेळी झाला.

तिकडे सुरांच्या डोक्यावर कविता, इकडे कवितेच्या डोक्यावर चाल

आता या लेखातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट.

फ्रान्झ लिस्टने युरोपभर हिंडून पियानोच्या रचना केल्या आणि छापताना काहींच्या सुरुवातीला बायरनसारख्या कवींच्या ओळी दिल्या. ब्राम्सने आपल्या पहिल्या 'बॅलड'वर लिहून ठेवलं की ही रचना 'एडवर्ड' नावाच्या स्कॉटिश पोवाड्यावरून सुचली. तो पोवाडा त्याने हेर्डरच्या जर्मन संग्रहात वाचला होता. वाजवणाऱ्याने आधी कविता वाचावी आणि मग पट्टीला हात लावावा, अशी ही सोय.

आणि आपल्याकडे? जुन्या संगीत नाटकाचं कुठलंही पुस्तक रद्दीच्या दुकानात मिळालं तर उघडून बघा. पानावर पद असतं. पदाच्या वर बारीक टायपात राग-ताल आणि 'चाल' असा शब्द. त्यापुढे कुठल्या तरी दुसऱ्या गाण्याचे पहिले शब्द. कधी हिंदुस्थानी चीज, कधी कानडी पद, कधी आधीच्याच एखाद्या मराठी नाटकातलं गाजलेलं गाणं. कधी नुसतंच 'साकी' किंवा 'दिंडी', कारण त्या वृत्तांची चाल सगळ्यांना पाठच असायची. म्हणजे युरोपात सुरांच्या वर कविता छापली जायची आणि महाराष्ट्रात कवितेच्या वर सूर.

हा फरक नुसता छपाईचा नाही. चाल आधी हाती आली की कवीला तिच्या मापाने शब्द घालावे लागतात : इथे दीर्घ अक्षर हवं, इथे दोन लघू चालतील, इथे तान यायची आहे म्हणून आकारान्त शब्द पाहिजे. खाडिलकरांसारख्या गद्याच्या बादशहाला या कामासाठी किती बारीक कान लावावा लागला असेल! त्यांच्या पदांतले काही शब्द ओढूनताणून बसवल्यासारखे वाटतात, अशी तक्रार जुने टीकाकार करत. मला ती पटत नाही. गाऊन बघितलं की तोच शब्द त्या जागी चपखल बसतो.

शब्द काढून घेतले तर?

मेंडेल्सोनने पियानोसाठी 'शब्दांविना गीतं' लिहिली. सहा-सहा रचनांची आठ पुस्तकं, एकूण ४८. एका चाहत्याने काही रचनांना आपल्या मनाने शब्दार्थ जोडून त्याला विचारलं, की हाच अर्थ ना? १८४२ साली मेंडेल्सोनने त्याला उत्तर पाठवलं. त्याचा मथितार्थ असा : संगीतातले विचार धूसर असतात म्हणून शब्दांत मावत नाहीत असं नाही, उलट ते शब्दांच्या मानाने फार नेमके असतात.

लिस्टने उलट दिशेने प्रवास केला. इटालियन कवी पेत्रार्काची तीन सुनीतं त्याने आधी गाणी म्हणून बांधली, मग तीच पियानोवर घेतली. शब्द गेले, सुनीत राहिलं.

कोल्हापुरात एकट्या पेटीवर नाट्यपद वाजतं तेव्हा हेच होतं. कसं होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. पदात एकाच सुरावर तीन अक्षरं असली तर कसलेला वादक ती पट्टी तीनदा दाबतो, प्रत्येक अक्षराला वेगळी. अक्षर लांबवायचं असेल तिथे बोट तसंच ठेवतो आणि फक्त भात्याचा हात हलवतो. दोन शब्दांमध्ये भाता क्षणभर रोखतो. नवख्याला हे जमत नाही. तो सूर बरोबर वाजवतो, पण शब्द पुसून टाकतो. समोर बसलेली म्हातारी मंडळी मात्र ओठ हलवत असतात. गाणारं कुणी नाही, तरी सभागृहात पद चाललेलं असतं. पेटीवादकाची परीक्षा घ्यायची असेल तर श्रोत्यांचे ओठ बघावेत. यापेक्षा खरी परीक्षा मला माहीत नाही.

शकुंतला दोन्हीकडे

कालिदासाचं 'शाकुंतल' विल्यम जोन्सने १७८९ साली इंग्रजीत नेलं, त्यावरून दोनच वर्षांत ते जर्मनमध्ये आलं आणि ग्योथेसारखा कवी त्यावर भाळला. मग संगीतकार कसे मागे राहतील? शूबर्टने १८२० साली शकुंतलेवर ऑपेरा लिहायला घेतला, पण तो अपुराच राहिला. कार्ल गोल्डमार्कने १८६५ साली शकुंतलेच्या नावाने वाद्यवृंदाची रचना केली आणि त्याचं नाव झालं.

इकडे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक सादर केले आणि मराठी संगीत नाटकाचं युग सुरू झालं. शूबर्टचं अपुरं राहिलं, अण्णासाहेबांचं पूर्ण झालं. कालिदासाच्या घरचं गाणं घरातच नीट जमलं, याचा मला फार आनंद आहे.

एक नॉर्वेकर

शकुंतलेसारखंच दोन्हीकडे पोचलेलं आणखी एक नाव : नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन. त्यांच्या एका नाटकासाठी एडवर्ड ग्रीगने १८७२ साली संगीत केलं. हाच ग्रीग पियानोवरच्या छोट्या भावरचनांसाठी आजही घराघरात वाजतो. त्याच ब्यर्नसनच्या दुसऱ्या एका नाटकावरून 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेने १ जुलै १९३३ रोजी 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणलं. संगीत केशवराव भोळ्यांचं. तानांची आतषबाजी टाळून त्यांनी भावाला धरून राहणारी गाणी दिली. पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांत पियानो आणि व्हायोलिन वापरणाऱ्यांत हेच केशवराव पुढे होते.

राजा हरिश्चंद्र पेटीवाला

व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी काढली ती कोल्हापुरात. तिचा 'अयोध्येचा राजा' हा १९३२ सालचा पहिला मराठी बोलपट. राणी तारामती दुर्गा खोटे. आणि राजा हरिश्चंद्र? आपले गोविंदराव टेंबे! संगीतही त्यांचंच. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, पडद्यावर दिसणाऱ्यानेच कॅमेऱ्यासमोर गायचं. पुराणातली कथा, नाटकाची तालीम आणि पेटीवरची बोटं, सगळं एकाच माणसात येऊन उभं राहिलं.

खासबागेशेजारचं नाट्यगृह

शाहू महाराजांनी १९१५ साली बांधून पुरं केलेलं पॅलेस थिएटर आज केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखलं जातं. शेजारी खासबाग मैदान. एकीकडे कुस्ती, एकीकडे नाटक. कोल्हापूरची ओळख एका आवारात सांगायची तर ही जागा दाखवावी.

गायक नट केशवराव भोसले कोल्हापूरचेच, जन्म ९ ऑगस्ट १८९०चा. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा' नाटकातली शारदा त्यांनी अगदी कोवळ्या वयात गाजवली. (हे देवल हरिपूरचे नाटककार, देवल क्लबचे देवल वेगळे.) जरठ-बाला विवाहाविरुद्धचं ते नाटक. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त 'मानापमान' झालं. केशवराव नायक धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका नाटकात! त्यानंतर तीनच महिन्यांत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी केशवराव गेले.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ज्यांनी ते जळताना पाहिलं, ते कोल्हापूरकर त्या रात्रीबद्दल अजून धड बोलू शकत नाहीत.

रेडिओवर बंदी, मंचावर मान

आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली. पेटीला मींड येत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत, असा आक्षेप होता. रवींद्रनाथांनाही पेटी आवडत नसे. ही बंदी तीसएक वर्षं टिकली.

त्याच काळात, १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. फडके, म्हणजे सगळ्यांचे बाबूजी, जन्माने कोल्हापूरचे, १९१९चे, आणि माडगूळकरांनीही उमेदीची वर्षं कोल्हापुरातच काढलेली. आठवड्याला एक गाणं. वर्षाची ५२ व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गाणी ५६ झाली! पुढे बाबूजी गावोगावी गीतरामायण गात, तेव्हा पेटी त्यांच्या स्वतःच्याच हाताखाली असे. जिला रेडिओवर मज्जाव होता, तीच पेटी रेडिओवर जन्मलेलं हे काव्य घेऊन महाराष्ट्रभर फिरली.

जर्मन प्राध्यापक, मराठी गुरुजी

हाइनरिश मान या जर्मन लेखकाची १९०५ सालची कादंबरी. गावातला कडक शिस्तीचा मास्तर एका गाणारीच्या नादी लागून धुळीला मिळतो. त्यावर १९३० साली 'द ब्लू एंजल' हा चित्रपट आला. त्यात मार्लेन डिट्रिख गायली आणि जगप्रसिद्ध झाली. आणि १९७२ साली हेच कथाबीज 'पिंजरा' होऊन मराठीत उतरलं. कॅबरेच्या जागी तमाशाचा फड आला, पियानोच्या जागी ढोलकी आणि पेटी. संवाद पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांचे, लावण्या हळदीच्या जगदीश खेबुडकरांच्या, संगीत राम कदमांचं, दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं. जर्मन कादंबरी अशी कोल्हापूरच्या मातीत रुजली की मूळ कुठलं हे बहुतेक प्रेक्षकांना ठाऊकच नाही. 

जाता जाता

शूमान ऐकायचा असेल तर ज्याँ पॉलच्या कादंबरीचं कथानक आधी वाचतात, त्याने ऐकण्यात फरक पडतो. मग आपण 'मानापमान' का वाचू नये? पुस्तक सहज मिळतं. पदांवरच्या 'चाल'च्या ओळी सोडू नका, त्या आवर्जून वाचा. मग एखाद्या संध्याकाळी एकट्या पेटीचा कार्यक्रम गाठा. तिकीट काढून जा, पुढच्या रांगेत बसा आणि वादकाची बोटं बघा. केशवराव भोसले नाट्यगृह नव्याने उभं करण्याचं काम हाती घेतलेलं आहे. ते पुरं होऊन पडदा वर जाईल, तेव्हा सुरुवातीच्या कार्यक्रमांत एक संगीत नाटक आणि गोविंदरावांच्या नावाने एक पेटीवादन ठेवावं, एवढी मागणी कोल्हापूरकरांनी लावून धरावी.